उघड्या फायलींची हजेरी

एखाद्या चांगल्या ग्रंथालयांत हवें असलेलें पुस्तक कपाटांत आढळलें नाहीं, म्हणजे तें हरवलें असा निष्कर्ष जाणता ग्रंथपाल कधीं काढीत नाहीं. तो प्रथम देवघेवीची वही उघडतो. पुस्तक कोणत्या सभासदानें नेलें आहे, हें त्या वहींत लिहिलेलें असतें. सूचीवरून पुस्तकाची जागा कळते. वहीवरून तें सध्यां कोणाच्या हातीं आहे हें कळतें. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्या निराळ्या ओळखण्यावरच ग्रंथालयाचा सारा व्यवहार अवलंबून असतो.

घरोघरीं येऊन बसलेल्या संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. आपली फाईल कोणत्या फोल्डरमध्यें ठेविली आहे, हें बहुतेकांस सांगतां येतें. परंतु ती या घटकेस कोणत्या कार्यक्रमानें हातांत धरली आहे, असें संगणकास विचारतां येतें, याची पुष्कळांस कल्पनाही नसते. पेनड्राइव्ह काढावयास जावें, तों 'हा वापरांत आहे' असा निरोप पडद्यावर येतो. डिस्क भरली म्हणून मोठमोठ्या फायली पुसाव्या, तरी मोकळी जागा रतिभरही वाढत नाहीं. कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागलेला दिसतो, आणि तो कोणी लाविला हें कळत नाहीं. या तिन्ही प्रसंगीं मनुष्य बहुधा एकच उपाय करतो: यंत्र बंद करून पुन्हां चालू करतो. हा उपाय कित्येकदां लागूही पडतो. परंतु त्यानें रोगाचें कारण कळत नाहीं, आणि कधीं कधीं तर जें वाचवितां आलें असतें तेंच त्यापायीं कायमचें नष्ट होतें. लिनक्स या प्रणालींत अशा वेळीं विचारावयाच्या प्रश्नासाठीं एक लहानशी आज्ञा आहे. ती कशी चालते आणि तिचें उत्तर कसें वाचावें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम लिनक्सच्या कुळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. पुढें १९९१ सालीं फिनलंडमध्यें, हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर, परंतु सर्वस्वीं नव्यानें लिहून, एका प्रणालीचा गाभा तयार केला. तोच लिनक्स होय. आज अँड्रॉइडच्या फोनांमध्यें हाच गाभा चालतो, आणि जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींतील सर्वच्या सर्व यंत्रें २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालणारीं आहेत. तेव्हां लिनक्सची ही रीत समजून घेणें म्हणजे कांहीं थोड्या हौशी लोकांचा छंद समजून घेणें नव्हे.

युनिक्सच्या कर्त्यांनीं एक फार सोपा विचार धरला होता. जिच्यांतून कांहीं वाचतां येतें किंवा जिच्यांत कांहीं लिहितां येतें, अशी वस्तु कार्यक्रमापुढें फाईलीच्याच रूपानें यावी, असा तो विचार. म्हणून या घराण्यांत पत्राचा मसुदा ही फाईल, डिस्क हीही एक फाईल, कळफलक आणि कॅमेरा याही फायलीच. दूरच्या संगणकाशीं जोडलेला संदेशाचा मार्ग हाही, नांवानें नसला तरी व्यवहारानें, फाईलीच्याच पंक्तीला बसतो. एकाच आज्ञेनें इतक्या भिन्न प्रश्नांचीं उत्तरें कशीं मिळतात, याचें रहस्य या एका ठरावांत आहे.

आतां 'उघडी फाईल' म्हणजे काय तें पाहावें. चालू असलेल्या कार्यक्रमास प्रोसेस म्हणतात. कोणतीही प्रोसेस डिस्कवरील मजकुरास परस्पर हात लावूं शकत नाहीं. तिला प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, 'अमुक फाईल उघडून द्यावी' अशी मागणी करावी लागते. कर्नेल तिचा अधिकार तपासतें, आणि मागणी रास्त असेल तर तिला एक क्रमांक देतें. पूर्वी बँकेंत पैसे काढावयास गेलेल्या गृहस्थास कारकून पितळी बिल्ला देत असे, तशांतलाच हा प्रकार आहे. पुढील सर्व देणें-घेणें त्या बिल्ल्याच्या क्रमांकावर चालतें. फाईलीचें नांव पुन्हां घ्यावें लागत नाहीं. काम संपलें कीं प्रोसेसनें बिल्ला परत करावा, म्हणजे फाईल बंद करावी, अशी अपेक्षा असते. आणि ती न करतांच प्रोसेस संपली, तर कर्नेल तिच्याजवळचे सारे बिल्ले स्वतःच जमा करून घेतें.

हे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. पहिले तीन, म्हणजे ०, १ आणि २, हे रिवाजानें ठरलेले आहेत: शून्यावरून प्रोसेस आपली आवक घेते, एकावर आपलें उत्तर लिहिते, आणि दोहोंवर आपल्या तक्रारी लिहिते. त्यानंतर जो सर्वांत लहान क्रमांक मोकळा असेल तो दिला जातो. यामुळें प्रोसेसनें स्वतः उघडलेली पहिली फाईल पुष्कळदां ३ या क्रमांकाची असते. बिल्ल्यांच्या संख्येलाही मर्यादा असते. पुष्कळ ठिकाणीं एका प्रोसेसला आरंभीं १०२४ इतकीच मुभा असते. एखादा निष्काळजीपणें लिहिलेला कार्यक्रम बिल्ले घेत राहिला आणि परत करीत ना गेला, तर एके दिवशीं त्याची झोळी भरते, आणि 'फार फायली उघड्या आहेत' असें म्हणून तो अडून बसतो.

हे बिल्ले कोणाकोणाकडे आहेत, हें सांगणाऱ्या आज्ञेचें नांव एलएसओएफ असें आहे. चारही अक्षरें इंग्रजी लहान लिपींत, मध्यें जागा न सोडतां लिहावयाचीं. 'लिस्ट ओपन फाइल्स', म्हणजे 'उघड्या फायलींची यादी कर', असा त्यांचा विस्तार आहे. ही आज्ञा अमेरिकेंतील इंडियाना राज्याच्या पर्ड्यू विद्यापीठांत काम करणारे विक्टर एबेल यांनीं लिहिली, आणि युनिक्सच्या नाना शाखांवर ती चालावी म्हणून कित्येक वर्षें तिची निगा राखली. आज तिचें संगोपन स्वयंसेवक मंडळी करीत आहेत, आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते.

ही माहिती ती आणते कोठून? लिनक्समध्यें 'प्रॉक' नांवाचा एक विलक्षण फोल्डर असतो. तो डिस्कवर कोठेंही लिहिलेला नसतो. कोणी त्यांत डोकावलें कीं कर्नेल त्या क्षणीं आपल्या मनांतील नोंदी फाईलींच्या रूपानें पुढें मांडतें. चालू प्रोसेसही फाईलीसारखी पाहतां यावी, ही कल्पना बेल लॅबोरेटरीजमधील टॉम किलियन यांनीं १९८४ सालीं एका निबंधांत मांडली होती. लिनक्सच्या या फोल्डरांत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचा एक उपफोल्डर असतो, त्यांत 'एफडी' नांवाचा आणखी एक, आणि त्यांत त्या प्रोसेसजवळचा एकेक बिल्ला मांडलेला असतो. एलएसओएफ दारोदार हिंडून हे बिल्ले पाहते आणि हजेरीपट तयार करते. कर्नेल जें सांगतें तेंच ती नीटनेटकें लिहून आणते. स्वतःचें पदरचें कांहीं घालीत नाहीं.

टर्मिनलच्या खिडकींत ही आज्ञा नुसती लिहून दाबली, तर पडद्यावरून हजारों ओळी धांवत जातात. नवख्यास वाटतें कीं कांहीं तरी बिघडलें. वस्तुतः बिघडलेलें कांहीं नसतें. शांत दिसणाऱ्या यंत्रांतही शेंकडों प्रोसेस आपापल्या कामांत असतात, आणि प्रत्येकीच्या हातांत अनेक वस्तु असतात, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांतील एकच ओळ घेऊन ती वाचावी, म्हणजे बाकीच्या वाचतां येतात. साधारणतः ओळींत नऊ रकाने असतात. पहिल्यांत कार्यक्रमाचें नांव, दुसऱ्यांत प्रोसेसचा क्रमांक, तिसऱ्यांत ज्याच्या नांवानें ती चालते त्या वापरणाऱ्याचें नांव. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तेथें बिल्ल्याचा क्रमांक असतो आणि त्याला लागून एक अक्षर. 'आर' म्हणजे फाईल वाचण्यापुरती उघडली आहे, 'डब्ल्यू' म्हणजे लिहिण्यासाठीं, आणि 'यू' म्हणजे दोन्हींसाठीं. पांचव्या रकान्यांत वस्तूचा प्रकार, म्हणजे ती साधी फाईल कीं फोल्डर कीं उपकरण कीं दूरचा संदेशमार्ग, हें असतें. त्यापुढील तीन रकान्यांत ती कोणत्या उपकरणावर आहे, केवढी आहे, आणि कर्नेलच्या दप्तरीं तिचा खरा क्रमांक कोणता, हा तपशील असतो. शेवटच्या, नवव्या रकान्यांत नांव.

चौथ्या रकान्यांत कोठें कोठें आकड्याऐवजीं अक्षरेंच दिसतात. 'टीएक्सटी' असेल तर ती फाईल म्हणजे त्या कार्यक्रमाची स्वतःचीच संहिता होय. 'एमईएम' असेल तर ती स्मृतींत जोडून घेतलेली आहे. 'सीडब्ल्यूडी' असेल तर प्रोसेस त्या फोल्डरमध्यें उभी आहे. तिनें तेथील कांहीं घेतलेलें असेल वा नसेल, पण तिचा पाय तेथें आहे. या शेवटच्या प्रकाराचा उपयोग लवकरच दिसून येईल.

सगळी यादी मागविण्यापेक्षां नेमका प्रश्न विचारणें केव्हांही बरें. आज्ञेपुढें एक मोकळी जागा सोडून एखाद्या फाईलीचें नांव लिहिलें, तर ती फाईल कोणाकडे आहे तेवढेंच उत्तर येतें. आडवी रेघ आणि लहान 'पी' लिहून पुढें प्रोसेसचा क्रमांक दिला, तर त्या एका प्रोसेसच्या हातांतील सर्व वस्तु दिसतात. 'पी'च्या जागीं 'यू' लिहून वापरणाऱ्याचें नांव दिलें तर त्या माणसाचीं, आणि 'सी' लिहून कार्यक्रमाच्या नांवाचा आरंभ दिला तर त्या कार्यक्रमाचीं दप्तरें उघडतात. येथें एक खांच मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. दोन अटी एकदम घातल्या, तर 'ही किंवा ती' असा अर्थ ही आज्ञा घेते. 'ही आणि ती' असा घेत नाहीं. दोन्ही अटी एकाच वेळीं लागू व्हाव्या अशी इच्छा असेल, तर आडवी रेघ आणि लहान 'ए' हें चिन्ह वेगळें जोडावें लागतें. पुष्कळ नवखे लोक येथें फसतात, आणि अपेक्षेपेक्षां दसपट मोठी यादी पाहून आज्ञेलाच नांवें ठेवतात.

आतां पेनड्राइव्हचा प्रसंग घ्यावा. संगणक म्हणतो कीं, तो वापरांत आहे, काढतां येत नाहीं. पडद्यावर तर त्यांतील एकही फाईल उघडी दिसत नाहीं. अशा वेळीं कित्येक गृहस्थ तो सरळ उपटून काढतात. यांत धोका असा कीं, कर्नेल लिहिण्याचा मजकूर कांहीं काळ स्मृतींत सांठवून ठेवतें आणि सवडीनें उपकरणावर उतरवितें. उपटण्याच्या क्षणीं तो मजकूर उतरलेला नसला, तर नुकतीं घातलेलीं छायाचित्रें अर्धवट राहतात. क्वचित् त्या उपकरणाची अंतर्गत सूचीच बिघडते. त्याऐवजीं, पेनड्राइव्ह ज्या फोल्डरच्या नांवानें जोडला गेला असेल तें नांव एलएसओएफला द्यावें. त्या उपकरणावरील जें जें कांहीं कोणी धरलें असेल तें तें ती सांगते. पुष्कळदां उत्तर अगदीं निरुपद्रवी निघतें: टर्मिनलची एक विसरलेली खिडकी त्या फोल्डरमध्यें नुसती उभी आहे, आणि चौथ्या रकान्यांत 'सीडब्ल्यूडी' लिहिलेलें आहे. ती खिडकी दुसऱ्या फोल्डरांत नेली कीं अडचण दूर होते. परंतु कधीं उत्तर असेंही येतें कीं, नक्कल करणारा कार्यक्रम अद्याप लिहीतच आहे. अशा वेळीं दोन मिनिटें थांबणें हाच उपाय. आणि तो योग्य आहे हें विचारल्यावांचून कळलें नसतें.

दुसरा प्रसंग अधिक चमत्कारिक आहे, आणि त्यांत या विषयाचें मर्म आहे. डिस्क भरली. ती किती भरली हें सांगणाऱ्या दोन आज्ञा आहेत, एक डीएफ आणि दुसरी डीयू. पहिली कर्नेलचा एकूण हिशेब वाचते. दुसरी एकेका नांवापाशीं जाऊन मोजदाद करते. समजा, पहिली म्हणाली कीं १०० गिगाबाइट भरले आहेत, आणि दुसरीला मात्र ६० च सांपडले. मग चाळीस गेले कोठें? दोन्ही आज्ञा मुख्य प्रशासकाच्या अधिकारानें चालविल्या, म्हणून मोजदादींतून कोणताही फोल्डर सुटलेला नाहीं. तरीही ताळा जमत नाहीं.

याचें कारण युनिक्सच्या एका मूलभूत ठरावांत आहे. या घराण्यांत फाईलीचें नांव आणि फाईल या दोन निराळ्या वस्तु मानल्या आहेत. नांव ही फोल्डरमधील एक नोंद. फाईल म्हणजे त्या नोंदीनें दाखविलेला खरा मजकूर. एकाच मजकुरास दोन-तीन नांवेंही असूं शकतात. फाईल पुसण्याची आज्ञा खरोखर फाईल पुसतच नाहीं; ती एक नांव काढून टाकते. मजकुराची जागा मोकळी होण्यासाठीं दोन गोष्टी घडाव्या लागतात: त्याचें शेवटचें नांव गेलें पाहिजे, आणि तो कोणाच्याही हातांत राहिलेला नसला पाहिजे. नांव गेलें, पण एखादी प्रोसेस बिल्ला घेऊन बसलेली आहे, तोंवर मजकूर डिस्कवर जशाचा तसा असतो. नांवांवरून मोजणाऱ्यास तो सांपडत नाहीं. एकूण हिशेब ठेवणाऱ्याच्या खात्यांत तो असतोच. हरवलेले चाळीस गिगाबाइट ते हेच.

हें पुष्कळदां घडतें तें नोंदवह्यांच्या बाबतींत. एखादा सेवा-कार्यक्रम आपली नोंदवही महिनोन्‌महिने लिहीत असतो, ती फुगते, कोणी तरी ती पुसून टाकतो, परंतु कार्यक्रम त्या बिननांवाच्या वहींत लिहीतच राहतो, आणि डिस्क भरतच जाते. येथें एलएसओएफला अधिक चिन्ह, मोठ्या लिपींतील 'एल' आणि १ हा आंकडा इतकें दिलें, म्हणजे ज्यांचें एकही नांव उरलेलें नाहीं अशा उघड्या फायली तेवढ्या ती दाखविते. शेवटच्या रकान्यांत जुन्या नांवापुढें 'पुसलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द असतो. कोणत्या कार्यक्रमास जागा सोडावयास सांगावें हें लगेच कळतें. मग यंत्र बंद करण्याचें कारण उरत नाहीं. तेवढ्या एका कार्यक्रमास वही मिटून नवी उघडण्याची सूचना द्यावी, किंवा तोच एक नीट बंद करून पुन्हां चालू करावा, म्हणजे जागा मोकळी होते.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती एखाद्या घराला फार मोलाची ठरूं शकते. समजा, एका घरीं आजीनें सांगितलेल्या आठवणींची एकुलती एक चित्रफीत संगणकावर चालू आहे. बाहेरच्या खोलींतून त्याच यंत्रावर काम करणाऱ्या नातवानें डिस्क साफ करतांना टर्मिनलवरून भलत्याच नांवावर पुसण्याची आज्ञा दिली. टर्मिनलवरून पुसलेली फाईल कचरापेटींत जात नाहीं. नांव तत्काळ जातें. घाबरून मनुष्य पहिली गोष्ट करतो ती ही कीं, सर्व खिडक्या बंद करतो आणि यंत्र पुन्हां सुरू करतो. त्याच क्षणीं चित्रफितीवरचा शेवटचा हात सुटतो, आणि कर्नेल ती जागा दुसऱ्या कामासाठीं मोकळी करतें.

वास्तविक, चित्र दाखविणारा कार्यक्रम जोंपर्यंत ती फाईल उघडी ठेवून आहे, तोंपर्यंत ती संपूर्ण शाबूत असते. चित्र थांबवावें, पण खिडकी बंद करूं नये. एलएसओएफला विचारून त्या कार्यक्रमाचा क्रमांक आणि बिल्ल्याचा क्रमांक पाहावा. मग प्रॉक या फोल्डरांत त्या प्रोसेसचा क्रमांक, त्यांत एफडी, आणि त्यांत त्या बिल्ल्याचा क्रमांक, असा पत्ता धरून त्या मजकुराची नक्कल नव्या नांवानें करावी. नक्कल पुरी झाली, ती उघडून शेवटपर्यंत पाहिली, कीं मग खुशाल खिडकी मिटावी. आजीचे बोल राहतात. यांत चमत्कार कांहींच नाहीं. नांव आणि वस्तु हीं निराळीं आहेत, एवढें त्या घरांत कोणाला तरी वेळेवर आठवलें पाहिजे.

तिसरा प्रसंग कॅमेऱ्याचा. लिनक्समध्यें उपकरणें 'डेव्ह' नांवाच्या फोल्डरमध्यें फाईलीसारखीं दिसतात, आणि पहिला कॅमेरा तेथें बहुधा 'व्हिडिओ शून्य' या नांवानें असतो. तें नांव एलएसओएफला दिलें, म्हणजे कोणता कार्यक्रम कॅमेरा धरून बसला आहे तें कळतें. तसेंच, आडवी रेघ आणि लहान 'आय' दिलें, तर बाहेरच्या जाळ्याशीं बोलणाऱ्या किंवा बाहेरच्या हांकेची वाट पाहणाऱ्या सर्व प्रोसेस दिसतात. कोण कोणाशीं जोडलेलें आहे हें बाणाच्या चिन्हानें दाखविलेलें असतें. घरांत मुलें संगणक वापरतात, त्या घरांत हा हजेरीपट अधूनमधून पाहण्याची संवय वाईट नाहीं. मात्र अनोळखी नांव दिसलें कीं तें शत्रूचेंच, असेंही समजूं नये. कांहीं नव्या मांडणींत कॅमेरा आणि ध्वनि यांचा कारभार एका मध्यस्थ कार्यक्रमाकडे सोंपविलेला असतो. तेथें यादींत मध्यस्थाचें नांव दिसेल, खऱ्या मागणाऱ्याचें नव्हे.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, सामान्य वापरणाऱ्यास फक्त आपल्याच प्रोसेसच्या हातांतील वस्तु पाहतां येतात. सर्वांच्या पाहावयाच्या तर 'रूट' या मुख्य प्रशासकाचा अधिकार लागतो. ही अडचण नव्हे. शेजाऱ्याच्या घरांत डोकावतां येऊं नये यासाठीं घातलेली ती भिंत आहे. म्हणून यादींत कांहीं आढळलें नाहीं म्हणजे कोणीच धरलेलें नाहीं, असें समजण्यापूर्वीं, तो प्रश्न कोणत्या अधिकारानें विचारला होता हें पाहावें. दुसरी अशी कीं, ही यादी त्या क्षणाचें चित्र असतें. जो कार्यक्रम फाईल निमिषमात्र उघडून मिटतो तो तींत सांपडेलच असें नाहीं. तिसरी अधिक मौजेची आहे. पडद्यावर फाईलीचा मजकूर डोळ्यांपुढें दिसत असतांही यादींत ती नसूं शकते. कारण लेखनाचे कित्येक साधे कार्यक्रम फाईल एकदां वाचून स्मृतींत घेतात आणि तत्काळ मिटून टाकतात. माणसाचें 'उघडें' आणि कर्नेलचें 'उघडें' हीं नेहमीं एकच असतात असें नाहीं.

शेवटीं एका धोक्याचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. आडवी रेघ आणि लहान 'टी' दिलें, तर एलएसओएफ बाकी सर्व गाळून केवळ प्रोसेसचे क्रमांक देते, आणि ते क्रमांक सरळ प्रोसेस संपविणाऱ्या आज्ञेच्या हवालीं करतां येतात. एका ओळींत काम होतें, म्हणून पुष्कळांस ती ओळ आवडते. परंतु संपविण्याच्याही रीती आहेत. १५ या क्रमांकाची खूण ही विनंति असते. ती ऐकून प्रोसेस हातांतील लेखन पुरें करूं शकते, फायली मिटूं शकते, आणि मग जाते. ९ या क्रमांकाची खूण ही विनंति नव्हे. ती प्रोसेसच्या कानांवरही जात नाहीं. कर्नेल तिला तत्क्षणीं संपवितें. तिच्या मनांत जें लिहावयाचें होतें आणि अद्याप कर्नेलच्या स्वाधीन केलें नव्हतें, तें तिच्याबरोबरच जातें. कोण धरून बसलें आहे हें न पाहतां नऊचा प्रयोग करणें म्हणजे पुस्तक कोणाकडे आहे हें न पाहतां सभासदांचीं नांवेंच कमी करीत सुटणें होय.

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम विचारावें: ही वस्तु कोणाच्या हातीं आहे? मग पाहावें: ती वाचण्यासाठीं धरली आहे कीं लिहिण्यासाठीं, आणि तिचें नांव अजून उरलें आहे कीं नाहीं? नांव गेलें असेल आणि वस्तु हवी असेल, तर आधीं नक्कल करून घ्यावी. त्यानंतर धरणाऱ्यास सोडण्याची विनंति करावी. बळाचा उपयोग सर्वांच्या शेवटीं, आणि तोही काय जाणार आहे हें ठाऊक असतांना करावा. हा क्रम पाळावयास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. चार अक्षरांची एक आज्ञा, नऊ रकान्यांची एक ओळ, आणि ती वाचून होईपर्यंत यंत्राच्या बटनावरचा हात आवरण्याइतका धीर, एवढ्यावर कोणत्याही घरांतील बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.